चेहऱ्याचं माप

८ जानेवारी

अहो,

वर काय लिहावं याचा बराच विचार केला आणि शेवटी हेच लिहिलं. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर दुसऱ्या कुणाचं पत्र चुकून आलं की काय म्हणून तुम्ही पाकीट उलटून बघितलं असतं. इतकी वर्षं आपल्यात पोस्टाने फक्त डबा जातो-येतो. तुम्ही ठसा घ्यायचा ट्रे आणि पेस्ट पाठवता, मी तोंडात दाबून ठसा घेते, कापसात गुंडाळून परत पाठवते आणि महिन्याभराने नवी कवळी येते. सोबत तुमची चिठ्ठी, ‘दोन दिवस मऊ खा. टोचलं तर कळव.’ झाला नवरा-बायकोचा पत्रव्यवहार.

तर हे पत्र आहे, डबा नाही. ठसा नकोय. आधीची कवळी छान चाललीये.

डाव्या डोळ्याचं झालंय. माझ्या नाकाचं रडगाणं तुम्हाला तोंडपाठ आहे. सायनसची दोन ऑपरेशनं झाली, पहिल्याला तुम्ही होतात, दुसऱ्याला नव्हतात. आता नाकाच्या वर, डोळ्याला लागून हाडात जी पोकळी असते तिचं तोंड बुजलंय आणि आत साचून साचून पिशवी फुगलीये. ती डोळ्याला रेटते. आरशात बघितलं तर डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्तच चौकशा करतोय असं वाटतं. आणि मला सगळं दोन-दोन दिसतं. परवा दुकानात एकाच कोटावर काजांच्या दोन ओळी आखल्या. गिऱ्हाईक भलं होतं, म्हणालं, नवी फॅशन आहे का?

डॉक्टरबाई आपल्या लेकीपेक्षाही लहान असाव्यात. मला ‘मावशी’ म्हणतात, ‘आजी’ म्हणत नाहीत, एवढ्यावरच मी अर्धी राजी झाले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, “मावशी, थांबलो तर या डोळ्याची नजर जाईल. पण तुमच्या नाकात आधी दोनदा काम झालंय. ज्या खुणा बघत आम्ही आत जातो, त्या आता उरलेल्या नाहीत. आणि नाक आणि डोळा यांच्यामधलं हाड कागदाएवढं पातळ असतं.” म्हणजे करायचं तरी डोळ्याची भीती, नाही करायचं तरी डोळ्याचीच.

म्हणून यंत्र लावून करणार आहेत. नॅव्हिगेशन म्हणतात. मला त्यांनी समजावून सांगितलं आणि मला ते फार आवडलं, कारण ते सगळं मापाचं काम आहे. आधी डोक्याचा बारीक कापांचा सीटी स्कॅन काढायचा. मग ऑपरेशनच्या टेबलावर कपाळाला एक पट्टा बांधायचा आणि एक सळई कपाळावरून, नाकावरून, गालांवरून फिरवायची. यंत्र तो चेहरा आणि स्कॅनमधला चेहरा एकमेकांवर बसवून बघतं. दोन्ही जुळले की मग हत्याराचं टोक नाकात कुठेही जावो, पडद्यावर स्कॅनच्या चित्रात नेमक्या त्या जागी फुली दिसते. डोळ्याची भिंत किती जवळ आली, मेंदूखालचं हाड किती लांब आहे, सगळं. मोबाइलच्या नकाशात आपण कुठे उभे आहोत ते दिसतं, तसंच.

आता खरं कशासाठी लिहितेय ते. स्कॅनच्या खोलीत सिस्टरने विचारलं, “दागिने, चष्मा, कवळी, खोटे दात?” मी दागिने काढले, चष्मा काढला आणि बाकीचं नाही म्हणाले. लेक शेजारीच उभी होती. ती तर हसून म्हणाली, “आईचे दात? अहो, आमच्या घरात सगळ्यांत चांगले दात तिचेच आहेत.” आता यानंतर मी काय बोलणार? स्कॅन काढणाऱ्या माणसाने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. तोंड मिटून पडून राहिले. नाकाचं ऑपरेशन आहे, दातांचा काय संबंध?

कुणाला तरी हे सांगायला हवं होतं. ज्याला आधीच माहीत आहे त्याला सांगण्यात धोका कमी.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. दिलंत तर दुकानाच्या पत्त्यावर द्या, घरी आलेली पाकिटं लेक फोडते.

मी


२४ जानेवारी

अहो,

तुमचं कार्ड मिळालं होतं. ऑपरेशनच्या आधीच मिळालं होतं, हे पहिल्यांदा कबूल करते. ‘डॉक्टरांना कवळीचं आजच सांग.’ आणि ‘आजच’च्या खाली रेघ. मला त्या रेघेचा राग आला. इतक्या वर्षांनी मी चार पानं लिहावीत आणि तुम्ही एका ओळीत हुकूम सोडावा? मी कार्ड शिलाई मशीनच्या खणात टाकलं आणि मुकाट्याने ऑपरेशनला गेले.

ऑपरेशन झालं नाही.

म्हणजे मी आत गेले, भूल दिली, जागी झाले. नाकात बोळे असतील, तोंडाने श्वास घ्यावा लागेल असं सांगून ठेवलं होतं, म्हणून मी तोंडाने श्वास घेतला आणि ओठ आतच गेले. जीभ फिरवली. वर हिरडी, खाली हिरडी. नाक मात्र मोकळं. भुलीच्या धुंदीत मला वाटलं, या लोकांनी नाकाऐवजी दातांचंच ऑपरेशन केलं की काय!

मग लेक दिसली. माझ्या पायाशी खुर्चीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची डबी होती. डबीवर माझ्या नावाची पट्टी चिकटवलेली. आत ओल्या कापसात तुमचं काम. सिस्टर बाहेर येऊन तिच्या हातात देऊन गेली होती, “आजींचे दात सांभाळा.” तिने आधी परत केली, म्हणे. म्हणाली, चूक होतेय, माझ्या आईचे दात तोंडातच असतात.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने डबी खाटेवर ठेवली. म्हणाली, “आई, कधीपासून?” मी म्हटलं, तू बालवाडीत होतीस तेव्हापासून. त्या तापाच्या वर्षी हिरड्या गेल्या, एकेक करून सगळे काढावे लागले. “आणि बाबांना माहीत होतं?” म्हटलं, त्यांनीच बनवली. त्यांच्या दातांच्या लॅबला सुट्टी असताना, दार लावून, हाताखालच्या माणसांनाही कळू न देता. मग तिला काय सुचावं? म्हणाली, “आणि मला दात घास, दात घास म्हणून जीव खायचीस!” म्हटलं, मग कुणी खायचा? मला माहीत होतं ना गेल्यावर काय होतं ते.

त्यावर ती हसली आणि मग रडली. मी दोन्ही करायचं टाळलं, तोंड झाकायला हात मोकळा नव्हता.

डॉक्टरबाई आल्या त्या संध्याकाळच्या फेरीला. हिरवी टोपी डोक्यावरच होती. मला वाटलं, आता झाडतील. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि सगळं नीट सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना घशात नळी घालताना कवळी हाताला लागली. त्यांनी काढून वाडग्यात ठेवली. बाईंना माहीत असेलच असं त्यांना वाटलं आणि बाईंना तर मी नाही म्हणून सांगितलेलं. मग बाईंनी माझ्या चेहऱ्यावरून सळई फिरवली. यंत्र म्हणालं, जुळतंय, पण नीट नाही. त्यांनी पुन्हा फिरवली. मग त्यांची नेहमीची परीक्षा घेतली, सळईचं टोक नाकाच्या हाडावर टेकवलं. इथे टोक हाडाला टेकलेलं आणि पडद्यावर फुली हाडापासून दूर, हवेत. तीन-चार मिलिमीटर असेल. नुसतं कपाळ आणि नाक घेऊन पाहिलं, तरी त्यांना भरवसा वाटेना.

“मावशी, डोळ्याच्या भिंतीपाशी माझ्या हाताशी तेवढीच जागा असते,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या नाकात असती तर मी आत जाऊन ओळखीच्या खुणा बघितल्या असत्या. तुमच्यात त्या नाहीत. आणि का जुळत नाहीये तेच कळत नव्हतं. जोवर कळत नाही तोवर मी आत जात नाही.”

म्हणून त्या थांबल्या. सगळी तयारी, सगळी माणसं उभी, आणि थांबल्या. पट्टा सोडताना त्यांचं लक्ष वाडग्याकडे गेलं.

अहो, तुम्हाला सांगते, मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. दुकानात रोजच्या रोज बघते. मापाला उभ्या राहिल्या की बायका पोट आत ओढून घेतात. मी सांगून दमते, बाई, श्वास सोडा, नेहमीसारख्या उभ्या राहा. त्या हो म्हणतात आणि पोट आतच ठेवतात. मग कपडा बसला नाही की माझ्या कात्रीला दोष. तसं मी चेहऱ्याचं पोट आत ओढून माप दिलं. स्कॅनमध्ये भरलेले गाल आणि वर उचललेला ओठ. टेबलावर सगळं खाली बसलेलं. ते यंत्र बिचारं एका बाईचं माप दुसऱ्या बाईला लावत बसलं.

डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, “चूक माझीही आहे. मी स्वतः तोंड उघडून बघायला हवं होतं.” तर माझ्या तोंडातून काय निघावं? दात नसलेल्या तोंडातून, फसफसत? मी म्हटलं, “बघितलं असतंत तरी कळलं नसतं. माझ्या नवऱ्याच्या हातची आहे.”

लेकीने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. तुमच्याबद्दल मी अभिमानाने बोलल्याचं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. मीही.

तुमचं खरं निघालं, हे लिहायला मला फार जड गेलं. आता लिहिलंय, पुन्हा लिहायला लावू नका.

डोळा तसाच आहे. आता उजवीकडे बघताना दुखतोही. पुन्हा स्कॅन होणार, पुन्हा तारीख मिळणार. तोवर टिकला पाहिजे.

मी


६ फेब्रुवारी

अहो,

नवा स्कॅन झाला. कवळी काढून, रुमालात गुंडाळून, लेकीच्या हातात देऊन आत गेले. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं होती. कुणी बघितलं नाही. इतकी वर्षं मी ज्या बघण्याला घाबरले ते बघायला कुणाला सवडच नव्हती. एक माणूस तर स्वतःचा नंबर कधी येणार म्हणून मलाच विचारत होता.

उद्या ऑपरेशन. आज दाखल झालेय. दुपारी डॉक्टरबाईंनी मला बोलावून स्कॅनचं चित्र दाखवलं. मीच मागे लागले होते, माझं माप मला बघायचंय म्हणून. पडद्यावर माझं डोकं होतं. समोरून, बाजूने, वरून. ती डोळ्यामागची पिशवीही दाखवली, करड्या रंगाची, चांगली टपोरी. डोळ्याची नस तिच्यावरून ताणून गेलीये. बाई म्हणाल्या, आता मागे-पुढे करायला वेळ नाही.

मग मी विचारलं, आणि हे खाली काय? त्या म्हणाल्या, जबडा. म्हटलं, इतका बारीक? दात गेले की हाड हळूहळू झिजतं, म्हणाल्या, बोटाएवढं असतं ते पेन्सिलीएवढं होतं. बाई पुढे म्हणाल्या, मावशी, तुमची कवळी मी हातात घेऊन बघितली, जितकं हाड गेलंय तितकी ती भरलेली आहे. बनवणाऱ्याने दर वेळी भर वाढवत नेली असणार, नाहीतर तुमचा चेहरा केव्हाच बसला असता.

मला वाटायचं, तुमच्याकडे एक साचा आहे आणि तुम्ही त्याच त्याच कवळ्या काढून पाठवता. काम असतं, उरकता. मला माहीत नव्हतं की माझा एकेक ठसा हातात घेऊन तुम्ही बघता, या वेळी इथे एवढी हिरडी गेली, तिथे तेवढी गेली, आणि तेवढं भरून देता. मी आरशात दर वर्षी तीच दिसत राहिले आणि म्हातारी तुमच्या टेबलावर होत राहिले. हे तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत. ‘मऊ खा’ लिहिलंत.

ऐका, उद्या काय होईल माहीत नाही, म्हणून सांगून टाकते. तुम्ही नव्या लॅबसाठी त्या गावी गेलात आणि मी दुकान सोडून येत नाही म्हणाले, ते काही खरं कारण नव्हतं. दुकान कुठेही चालतं. लोक सगळीकडे कपडे घालतात.

खरं कारण असं की मी हसले की तुम्ही माझ्या दातांकडे बघायचात. कवळी हलते का, कड दिसते का, ओठ कुठे अडतो का. लेकीच्या शाळेतला तो कार्यक्रम आठवतो का? सगळे हसत होते, मी हसत होते, आणि तुम्ही डोळे बारीक करून माझ्या वरच्या ओठाकडे बघत होतात. घरी आल्यावर म्हणालात, “काढ जरा, डाव्या बाजूला घासतो.” त्या दिवसापासून मी घरात हसणं कमी केलं. मग बंद केलं. तुम्हाला वाटलं, मी रागावलेय. मलाही तसंच वाटायला लागलं. मग तुम्ही निघालात तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, आणि गाडी गेल्यावर फार रडले. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

मला हवं होतं की तुम्ही माझ्याकडे बघावं. तुमच्या कामाकडे नाही. पण आज तो पडदा बघितल्यावर मला प्रश्न पडलाय की तुम्हाला तरी ते वेगळं करता येत होतं का.

असो. तुम्ही यायची काही गरज नाही. लेक आहे, जावई रजा टाकणार आहेत. तुमच्याकडे कामं असतील. उगाच एवढ्या लांबून धावत येऊन इथे बाकावर बसून काय करणार? सकाळची गाडी दुपारी पोहोचते, असं लेक कुणाला तरी फोनवर सांगत होती, पण ते मी सहज लिहिलं.

हे पत्र लेकीकडे देते. ती म्हणाली, मी पोचवते. पोस्टात टाकते, असं ती म्हणाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

डोळ्याची फार भीती वाटतेय. हे तिला सांगितलं नाही. मला शिवता आलं नाही तर मी काय करेन हे मला माहीत नाही. आंधळी झाले तर काय, असं नाही, एका डोळ्याने दिसेलच. पण सुई दोन्ही डोळ्यांनी धरतात हो.

मी


१९ फेब्रुवारी

अहो,

तुम्ही आलात आणि गेलात. नाकात बोळे होते, तोंडात दात नव्हते, आणि बाजूला लेक, जावई, सिस्टर, शेजारच्या खाटेवरच्या बाई असा सगळा दरबार. मला एक शब्द धड बोलता आला नाही. आता नाक थोडं मोकळं झालंय, म्हणून लिहिते.

आधी डोळ्याचं. डॉक्टरबाई खूश आहेत. या वेळी सळई फिरवली आणि पहिल्या फटक्यात चेहरा चेहऱ्यावर बसला. नाकाच्या हाडावर टोक टेकवलं, फुली हाडावर. पुढे भिंतीपर्यंत गेल्या, पिशवी फोडली, वाट मोठी करून ठेवली. म्हणाल्या, शेवटी शेवटी भिंत आणि हत्यार यांच्यामध्ये नखाएवढीच जागा होती, पण कुठे आहे ते दिसत होतं. नजर शाबूत आहे. डोळा हळूहळू जागेवर जाईल. दोन दिसणंही जाईल, काही आठवडे लागतील.

त्यांना मी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते, ते त्याच दुपारी थोडंसं गेलं. भूल उतरली, डोळे उघडले तर स्टुलावर तुम्ही. बॅग मांडीवर घट्ट धरलेली, कुणी पळवून नेईल अशी. केस सगळे पांढरे. आणि तुम्ही एकच दिसलात. कडेला जरा विरघळलेले, पण एकच. मी दोन्ही डोळ्यांनी नीट बघून घेतलं. वजन कमी झालंय तुमचं. सदरा खांद्यात सैल होता आणि कॉलर उलटी शिवून घेतलेली दिसली. कुणाकडून शिवून घेतलीत? टाके बघवत नव्हते.

मग मला तोंडाची आठवण झाली. चादर वर ओढायला गेले तर हाताला सलाईन. दुसरा हात चादरीखाली अडकलेला. तुम्ही उठलात. मला वाटलं, चादर नीट कराल. तुम्ही चादर तिथेच ठेवलीत आणि म्हणालात, “राहू दे.”

मी ओरडणार होते. खरंच. “राहू दे काय?” असं म्हणायला गेले आणि बोळ्यांनी भरलेल्या नाकातून आणि रिकाम्या तोंडातून जो आवाज निघाला तो कुठल्या भाषेतला होता कोण जाणे. शेजारच्या बाई उठून बसल्या. तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, “काय? पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा वाईट. आणि मग मला हसू फुटलं. आवरेना. टाळूपासून हनुवटीपर्यंत सगळं उघडं टाकून मी हसत होते, नाक ठणकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि सिस्टर ओरडत होती, “आजी, रक्त येईल, हसू नका!”

आणि तुम्ही बघत होतात.

माझ्या तोंडात तेव्हा तुमच्या हातचं काहीच नव्हतं. घासायला काही नाही, बसवायला काही नाही, डोळे बारीक करून तपासावं असं काहीही नाही. नुसत्या हिरड्या, ज्या मी आयुष्यात कुणाला दाखवल्या नाहीत. तरी तुम्ही बघत होतात. आणि डोळे बारीक नव्हते केलेले. चांगले मोठे होते, आणि ओले होते. लेक म्हणते, बाबांना औषधांच्या वासाने पाणी येतं. तिला म्हणू दे.

ते पत्र तुम्ही वाचलं होतंत, हे मला तेव्हा कळलं. लेकीने तुमच्या हातात दिलं असणार, स्टेशनवरच. मी तिला काही बोलले नाही. बोलणार आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात, कुणाच्या तरी लग्नाआधी दात द्यायचे आहेत म्हणून. दाराशी थांबलात, बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत, आणि मला वाटलं आता काहीतरी म्हणाल. म्हणालात, “शिंकू नको.” अहो, तेवढ्यासाठी गाडीचं तिकीट काढून येतात का? पण मी अजून शिंकलेले नाही. दोनदा आली होती. तोंड उघडं ठेवून थोपवली.

घरी मी कवळी जेवताना लावते, दुकानात लावते. बाकी वेळ डबीत. काल नात विचारत होती, आजी, तुझे दात कुठे गेले? मी म्हटलं, विश्रांती घेतायत. तिला ते एकदम पटलं. आता तिला तिचेही काढून ठेवायचे आहेत.

पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलात जायचंय. नाकातल्या खपल्या काढणार, दुर्बिणीतून आत बघणार, डोळा तपासणार. मध्ये थोडी चक्कर येते म्हणतात, म्हणून सोबत माणूस लागतं. काल सिस्टरने फोन करून विचारलं, “आजी, सोबत कोण येणार?” लेक शेजारीच होती. तिने ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं, त्याच्या आत मी बोलून गेले. म्हटलं, माझा नवरा येणार आहे. सिस्टरने लिहून घेतलं.

त्या हॉस्पिटलात मी एकदा खोटं बोलून बसलेय. दुसऱ्यांदा खोटी पडू देऊ नका.